डॉमिनेट म्हंजी काय ओ, सर?

शंकरराव मास्तर हल्ली यवतच्या बाजारातून जात नाहीत. शाळेतून घरी जायचा सरळ रस्ता हायवेच्या कडेनं, बाजारातूनच आहे. पण मास्तर मागल्या बोळानं, गटारीच्या काठानं, विजार सावरत जातात. लोक म्हणतात, सरांचं वय झालं, गर्दी सोसत नाही. गर्दीचं काय घेऊन बसलात! माणसाला आतून काही खात असलं की सरळ रस्ता नकोसा होतो.

मास्तर हायस्कूलला इंग्रजी शिकवतात. तुमचा गुण कोणता, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, उदाहरण. आणि तुमची खोड कोणती, असं विचारलं असतं तरी उत्तर तेच द्यावं लागलं असतं. पण स्वतःला एवढं ओळखणारा मास्तर अजून जन्माला यायचाय. त्यांची रीत अशी, की नवा शब्द आला की अर्थ फळ्यावर लिहायचा आणि लगेच गावातला एखादा माणूस धरून वाक्यात बसवायचा. 'लेझी'ला सोसायटीचा शिपाई, 'ग्रीडी'ला पिठाच्या गिरणीचा भिमाजी. 'जनरस'ला गावात कुणी सापडेना, म्हणून तिथं ते स्वतःचंच नाव घालायचे. "अर्थ डिक्शनरीत सापडतो रे," ते पोरांना सांगायचे, "पण उपयोग गावात सापडतो." पोरं खिदळायची, शब्द पाठ व्हायचे, निकाल बरा लागायचा. मग कोण कशाला बोलतंय?

सत्त्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. नववीच्या धड्यात 'डॉमिनेट' हा शब्द आला. मास्तरांनी अर्थ लिहिला, वर्चस्व गाजवणे. वर्चस्व हा शब्द पोरांना पेपरातून चांगलाच ठाऊक होता. निवडणूक झाली की छापून येतंच, अमक्या संस्थेवर अमक्या गटाचं वर्चस्व. पहिल्या बाकावर बापूसाहेबांचा सत्यजीत बसलेला. तो म्हणाला, "सर, आमच्या वडलांचंच वाक्य करा की!"

वर्ग हसला. पण मास्तर काय खुळे होते? बापूसाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार, शाळेच्या कमिटीवरचे. ज्याचं खरोखर वर्चस्व असतं त्याला उदाहरणात घ्यायचं नसतं, एवढा व्यवहार मास्तरांना कळत होता. ते खिडकीशी गेले, आणि तेवढ्यात बाजारातून तो नेहमीचा आवाज आला, "थांबा! थांबा म्हणते ना! ट्रक हाय!"

आख्ख्या यवतला तो आवाज माहीत होता. मणेरांची सुलतानबी. मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी खडू उचलला आणि वाक्य लिहिलं, 'सुलतानबी डॉमिनेट्स हर हजबंड.' वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. मास्तरही पोट धरून हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

इक्बाल मणेर आणि सुलतानबी यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा. आसपासच्या गावांत लग्न कुणाच्याही घरचं असो, नवरीचा हिरवा चुडा सुलतानबीच्याच हातचा. दुकान म्हणजे बाजाराच्या बाजूला चार खांबांवर टाकलेला पत्रा. घर मात्र हायवेच्या पलीकडं, आणि माल सगळा घरात. त्यामुळं दिवसभर इक्बालच्या खेपा चालायच्या. खांद्यावर लाकडी पेटी, तिला आधाराला हात, आणि त्या बाजूचं काही म्हणता काही दिसायचं नाही. तो रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहायचा आणि गाड्यांकडं बघायच्या ऐवजी बायकोकडं बघायचा. सुलतानबीचे दोन्ही हात कुणातरी बाईच्या मनगटात गुंतलेले. पण तोंड मोकळं. ती तिथूनच ओरडायची, "थांबा, रुबीचे अब्बा! हां, आता या! बिगी बिगी या!" मग हा गडी खाली मान घालून रस्ता ओलांडायचा. दुकानात आल्यावरही गिऱ्हाइकाशी तीच बोलायची, भाव तीच सांगायची. हा नुसता हसायचा.

समोरच्या हॉटेलात चहा पीत मास्तर हे रोज बघायचे. 'बायकोचा हुकूम झाल्याशिवाय रस्तासुद्धा ओलांडत नाही लेकाचा,' असं त्यांनी कितीदा तरी गल्ल्यावरच्या मालकाला म्हटलं होतं. तेव्हा वाक्य काही फळ्यापाशी सुचलेलं नव्हतं. ते रोजच्या चहात मुरलेलं होतं.

शाळेतली गोष्ट शाळेत राहील तर ते यवत कसलं? दुसऱ्या दिवसापासून सुलतानबी ओरडली की रस्त्यावरून एखादं पोरगं आरोळी ठोकायचं, "डॉमिनेट!" मग दुसरं, मग तिसरं. हॉटेलात बसलेली मोठी माणसंही अर्थ न कळता म्हणायला लागली. मास्तरांनी पोरांना एकदाही हटकलं नाही. उलट आपला शब्द गावात चालतोय बघून त्यांना आत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या. आज हे आठवलं की ते जेवणाच्या ताटावरून उठतात.

माघात मास्तरांच्या अनुपमाचं लग्न निघालं. पोरगी बी.ए. झालेली, बापासारखीच बोलायला तिखट. चुडा भरायला अर्थात सुलतानबीच आली. मास्तरांच्या बायकोनं, ललिताबाईंनी, तिच्यासाठी शिधा काढून ठेवला होता. सुलतानबीनं अनुपमाची बोटं एकत्र धरली, पंजा दाबून दाबून नरम केला आणि एकेक बांगडी अशी अलगद चढवली की पोरीनं हूं की चूं केलं नाही. मध्येच बाहेरून कुणीतरी हाक मारली, पण बाई जागची हलली नाही. भरता हात अर्ध्यात सोडायचा नाही, हा तिचा नेम. अर्धा हात सोडून मणेरीण उठली तर नवरीच्या संसाराला वाईट, असं तिला सासूनं शिकवलं होतं.

दोन्ही हात भरले. अनुपमा रीतीप्रमाणं तिच्या पाया पडली. सुलतानबीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग मास्तरांकडं वळून म्हणाली, "सर, एक इचारू का? रागावणार न्हाई ना?"

"विचारा की."

"ते डॉमिनेट म्हंजी काय ओ, सर? साळंतली पोरं माझ्या मागं म्हणत्यात. आमची रुबी म्हणती, शिवी न्हाई अम्मी, इंग्लिश हाय. म्हटलं, सरांनाच इचारावं. सर काय खोटं सांगायचे न्हाईत."

मास्तरांच्या समोर बायको, बाजूला लेक, आणि ही बाई त्यांच्या लेकीला आत्ताच आशीर्वाद देऊन बसलेली. खरा अर्थ सांगायचा तर मागाहून वाक्यही सांगावं लागलं असतं, आणि वाक्य कुणी केलं तेही. मास्तर इकडं तिकडं बघत म्हणाले, "ते होय? काही नाही हो. मोठ्या आवाजात बोलणारं माणूस. एवढंच."

"आत्ता गं बया!" सुलतानबी खळखळून हसली. "एवढंच व्हय? मी म्हटलं, काय आभाळ कोसळलं! माझा आवाज हायच तसा फाटका. पर चार मान्सांत बरं न्हाई दिसत, खरं हाय. आन् शिरूरची मान्सं रुबीला बघाया यायच्यात. आता जरा बेतानं बोलत जाईन."

ती शिधा घेऊन गेली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण अनुपमा हिरव्यागार हातांनी तशीच बसून होती. ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही खोटं का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं."

"तिला, का तुम्हाला?"

"लग्नाघरात कटकट नको," मास्तर म्हणाले आणि मांडववाल्याला बघायला म्हणून बाहेर गेले. मांडववाला तर दुपारीच येऊन गेला होता.

आणि सुलतानबीनं शब्द पाळला, हेच तर दुर्दैव. लग्न उरकून मास्तर पुन्हा हॉटेलात जाऊन बसायला लागले, तर पत्र्याखालून आवाज म्हणून नाही. इक्बाल पलीकडं पेटी घेऊन उभा राहिला की ती नुसता हात वर करायची. हात वर असेपर्यंत थांबायचं, खाली आला की यायचं. हातात गिऱ्हाइकाचं मनगट असलं तरी तेवढ्यापुरता एक हात सोडवून घ्यायची. पोरांची गंमत संपली, त्यांनी चिडवणं सोडलं. हॉटेलवाला म्हणाला, "मणेरीण लई नरमली की!" मास्तरांनी कपातला चहा बशीत ओतला आणि मान डोलावली. त्यांना वाटलं, झालं ते बरंच झालं. बघा आता! खोटं बोलायचं, आणि वर पुण्याचं गाठोडं आपल्याच डोक्यावर घ्यायचं.

फाल्गुनातला बाजाराचा दिवस. उसाचा हंगाम अजून चालू होता, पाटसच्या साखर कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर मागं दोन दोन ट्रॉल्या लावून, गाणी लावून हायवेनं पळत होते. सुलतानबीच्या पुढ्यात एक नवरी बसलेली, खेड्यावरची, भोवती तिच्या चुलत्या-मावश्यांचा गराडा. एक हात भरून झाला होता, दुसरा अर्ध्यावर आला होता. पोरीचा पंजा जाड, बांगडी अडलेली, सुलतानबीचे दोन्ही हात तिच्यात. पलीकडं इक्बाल पेटी घेऊन आला आणि उभा राहिला.

मास्तर समोर बसले होते. त्यांनी ट्रॅक्टर बघितला. इक्बाल दुकानाकडं बघतोय तेही बघितलं. हात काही वर आला नाही. हात वर नाही म्हणजे या, असं समजून इक्बालनं पाऊल टाकलं. सुलतानबीचं तोंड उघडलं, पण इतक्या दिवसांची सवय मोडलेली, आवाज घशातच अडकला. आवाज फुटला तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवशी ती ओरडली ते "थांबा" नव्हतं. ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

चाक पायावरून गेलं. पेटी फुटून रस्ताभर हिरव्या काचा झाल्या. माणसं धावली. ट्रॅक्टरवाला पोरगा खाली उतरून ओरडत होता, "मी हॉर्नवर हॉर्न देत हुतो! ऐकत न्हाई का ह्यो माणूस?"

सुलतानबी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर बघितलं आणि सगळ्या बाजारादेखत म्हणाली, "न्हाई ऐकत! एक कान पार गेलाय त्यांचा, ल्हानपणी वाहायचा तवापस्नं. दुसऱ्यानं थोडं येतं, पर कुठनं येतं ते कळत न्हाई. हॉर्न तर हितं दिसभर बोंबलतोच. माझाच आवाज तेवढा उमजतो त्यांना. बाप बहिरा म्हटलं तर पोरीला कोण करून घील, म्हनून कुनाला सांगितलं न्हाई. मी हाय ना ओरडाया, म्हटलं!"

मास्तर गर्दीच्या कडेला उभे होते. ते तिथंच दगडावर बसले. कुणीतरी म्हणालं, सरांना रक्त बघवत नाही. त्यांना पाणी आणून दिलं. पायाचा चेंदा झाला होता इक्बालचा, आणि पाणी पीत होते मास्तर!

इक्बालला पुण्याला ससूनला नेलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शाळा चालूच होती. एके दिवशी मधल्या सुट्टीत सत्यजीत टेबलापाशी आला. एरवी टग्या पोरगा, पण त्या दिवशी नजर खाली. म्हणाला, "सर, ते डॉमिनेटचं वाक्य... वहीतनं खोडू का? परीक्षेला दुसरं लिहिलं तर चालंल?"

मास्तर म्हणाले, "खोड." तो गेल्यावर त्यांना वाटलं, पोरानं निदान विचारलं तरी. आपल्याला कुणाला विचारता येणार? सुलतानबीच्या आवाजाला त्यांनी इतकी वर्षं हुकूम म्हटलं. तो हुकूम नव्हता, ती राखण होती. आणि ती राखण त्यांनीच बंद पाडली. एकदा वर्गात हशा मिळावा म्हणून आणि एकदा घरात लाज वाचावी म्हणून. पहिल्या चुकीला निदान अज्ञान म्हणता आलं असतं. दुसरीला काय म्हणायचं, ते त्यांना मराठीत कळत होतं.

इक्बाल घरी आला तरी मास्तर गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ. तेव्हापासूनच त्यांचा मागला बोळ सुरू झाला. शेवटी ललिताबाईच म्हणाल्या, "अहो, आपल्या पोरीचा चुडा भरला तिनं. सगळं गाव जाऊन आलं. बघून तरी या." मास्तरांनी मोसंबी घेतली आणि संध्याकाळी निघाले. मनाशी ठरवलं होतं, आज सांगायचंच. वाटेत वाक्यं जुळवत होते, पण एकाही वाक्यात त्यांचं स्वतःचं नाव नीट बसत नव्हतं.

मणेरांच्या दारापुढं, बोळातच, बाजेवर इक्बाल बसला होता. पायावर चादर. मास्तरांना बघून त्याचा चेहरा फुलला. "या सर, या! रुबी, सरांना पानी दे." सुलतानबी उंबऱ्यात बसून बांगड्या निवडत होती. मास्तर तिच्याजवळ टेकले आणि खालच्या आवाजात सगळं बोलून गेले. तो शब्द, ते फळ्यावरचं वाक्य, त्याचा खरा अर्थ, आणि आपण त्या दिवशी सांगितला तो खोटा.

तिचे हात थांबले. ती म्हणाली, "म्हंजी... आवाजाचं काय नव्हतंच?"

"नव्हतं."

"म्हंजी मी उगाच गप बसले?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर बरं, असं मास्तरांना वाटलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही वर्गात काय म्हनला, त्याचं मला काय न्हाई. लोक काय न्हाई ते म्हणत्यात. पर मी तुमच्या दारात येऊन इचारलं हुतं. पाया पडलेल्या तुमच्या लेकीम्होरं इचारलं हुतं." मग म्हणाली, "शिरूरची मान्सं आली न्हाईत. येनार बी न्हाईत आता. आन् हे मला कशाला सांगता? पाय माझा गेला का? ज्याचा गेला त्याला सांगा."

मास्तर उठले, बाजेपाशी गेले. "इक्बालभाई," ते म्हणाले. इक्बालनं हात कानामागं धरला. "काय म्हणता, सर? जरा मोठ्यांदी."

बोळात माणसं होती. शेजारच्या ओट्यावर बाया गहू निवडत होत्या, दोनचार शाळेतली पोरं गोट्या खेळत होती. तीस वर्षं ज्यांचा आवाज मागल्या बाकापर्यंत खणखणीत पोचला, ते मास्तर तोंड उघडून उभे राहिले. आणि मग मोठ्यांदा म्हणाले, "तब्येत कशी आहे?"

"झ्याक हाय, सर!" इक्बाल हसला. "तुमच्यासारकी मान्सं येत्यात, अजून काय पायजे?"

सुलतानबी उंबऱ्यावरून उठली. बांगड्या बाजूला ठेवल्या, पदर खोचला, आणि आख्खं यवत ओळखत होतं त्या आवाजात ओरडली, "रुबीचे अब्बा! सर तब्येतीला आले न्हाईत! डॉमिनेट म्हंजी बाई नवऱ्याला धाकात ठिवती! मला ते नाव सरांनी दिलं! मी इचाराया गेले तर खोटं सांगितलं, म्हनले आवाज मोठा हाय तुझा! म्हनून मी गप झाले! म्हनून तुम्हाला हाक दिली न्हाई!"

गहू निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. पोरांनी गोट्या हातात घेतल्या. इक्बालनं सगळं ऐकलं. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. राग मात्र आला नाही. आधी त्यानं बायकोकडं बघितलं, मग मास्तरांकडं. शिकलेल्या माणसाला काही न उमजलेलं विचारावं, तसं त्यानं विचारलं, "पर सर, तुम्ही तर रोज समोरच बसत हुता. मला ऐकू येत न्हाई, हे तुम्हाला दिसलं न्हाई?"

"नाही दिसलं," मास्तर म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले, की इक्बालला काही कळलं नाही. त्यानं पुन्हा हात कानामागं धरला, आणि मास्तरांना ते सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं पुन्हा एकदा सांगावं लागलं.